बाटलीवरचा आकडा आणि गावातली बातमी

शिरूर तालुक्यातलं निमोणे हे घोड नदीच्या पट्ट्यातलं गाव. घोड धरण ज्या चिंचणीत आहे, ते इथून जवळच. एका अंगाला न्हावऱ्याचा घोडगंगा साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला रांजणगावची एमआयडीसी, आणि भीमा ओलांडली की दौंडची गुऱ्हाळं. या भागातून परदेशी जाणाऱ्यांत आता फक्त शिकायला जाणारी मुलं नसतात. खतं, बियाणं, सिमेंट, ठिबकचं सामान विकणाऱ्या कंपन्या टार्गेट पुरं करणाऱ्या दुकानदारांना बँकॉक-पट्टायाला नेतात. 2023 च्या नोव्हेंबरात थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि मित्रांचे गटही स्वतःच्या खर्चानं निघाले.

परत येताना ही माणसं गोष्टी घेऊन येतात. तिथली दारू भलतीच कडक, तिथला रेडबुल वेगळाच, त्यात काहीतरी मिसळलेलं असतं, अशा या गोष्टी असतात. त्या पारावर, सलूनमध्ये, दुकानाच्या कट्ट्यावर सांगितल्या जातात आणि ऐकणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांची पोरंही असतात. म्हणून त्या तपासून पाहायला हव्यात. पुढच्या संवादातला भाचा कृषी सेवा केंद्र चालवतो आणि नुकताच डीलर टूरहून आला आहे. मामांची नोकरी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतल्या प्रयोगशाळेत झाली. दोघं कुणी विशिष्ट व्यक्ती नाहीत. गावात ऐकू येणारी दोन मतं त्यांच्या तोंडून मांडली आहेत.

बादलीचा हिशेब

भाचा: मामा, तुम्ही आयुष्यभर स्पिरिट मोजलंत, पण थायलंडची दारू काही औरच आहे. किनाऱ्यावर ती पेल्यात नाही, प्लास्टिकच्या बादलीत देतात. त्यांची लोकल व्हिस्की, कोला, तिथल्या छोट्या बाटलीतलं एनर्जी ड्रिंक, वर बर्फ आणि चार-पाच नळ्या. आमच्यातला एक गडी इथं क्वार्टर घेऊन गप जेवतो आणि झोपतो. तिथं एका बादलीत आडवा झाला. सकाळी त्याला रात्रीचं काहीही आठवत नव्हतं.

मामा: बादलीत बाटली कोणती ओतली, ते पाहिलंस का?

भाचा: लेबल थाई भाषेत. सगळे व्हिस्कीच म्हणत होते.

मामा: तिथं बादलीत बहुतेक करून सँगसोम असते. तिला पर्यटक व्हिस्की म्हणतात, पण ती उसाच्या मळीची रम आहे. 1941 पासून निघणारी त्यांची जुनी मेखोंगसुद्धा मुख्यतः मळीचीच, त्यात थोडा तांदूळ. थायलंड हा उसाचा मोठा देश आहे. आपल्या कारखान्यातून टँकर भरून जी मळी डिस्टिलरीला जाते, तोच त्यांचाही कच्चा माल. आता आकडे ऐक. सँगसोममध्ये अल्कोहोल 40 टक्के, मेखोंगमध्ये 35 टक्के. आणि तुमचा गडी इथं जी क्वार्टर घेतो, तिच्यावर 42.8 टक्के छापलेलं असतं.

भाचा: म्हणजे आपलीच जास्त कडक? मग तो आडवा कशानं झाला?

मामा: तू दुकानात औषध देताना शेतकऱ्याला काय सांगतोस? डब्यावर पाच टक्के लिहिलंय की पंचवीस, एवढंच सांगून थांबतोस का?

भाचा: छे! पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली टाकायचं, एकराला किती पंप मारायचे, ते सांगतो. नुसत्या टक्क्यावर गेला तर पीक जळेल.

मामा: इथंही टक्का आणि मात्रा दोन्ही धरून हिशेब करायचा. क्वार्टर 180 मिलीची. तिच्या 42.8 टक्क्यांप्रमाणं निव्वळ अल्कोहोल 77 मिली, वजनात साधारण 61 ग्रॅम. बादलीत 300 मिलीची छोटी बाटली अख्खी ओतली, तर 40 टक्क्यांप्रमाणं 120 मिली, वजनात 95 ग्रॅमच्या आसपास. दीड क्वार्टरहून जास्त झाली. शिवाय ती गोड, थंड आणि नळीनं ओढायची. दारूची चव जिभेला लागत नाही, म्हणून इथं दोन तास लावून घ्यायची ती तिथं अर्ध्या तासात पोटात जाते. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं. 95 ग्रॅमला किती तास लागतील, तूच मांड.

भाचा: साडेनऊ ते साडेतेरा तास. म्हणजे सकाळी नाश्त्याला बसला तेव्हाही ती त्याच्या अंगात होती.

मामा: आणि तिथला दमट उकाडा, दिवसभर उन्हात फिरणं, पाणी कमी, जेवण अनोळखी म्हणून अर्धपोटी. मी त्या गड्याला खोटं ठरवत नाही. तो आडवा झाला हे खरंच आहे. कारण मात्र त्यानं चुकीचं धरलं.

75 भाग आणि 57 टक्के

भाचा: पण हा 42.8 आकडा असला विचित्र का? सरळ 40 नाही, 45 नाही.

मामा: तो इंग्रजांच्या काळापासून चालत आलाय. दारूत पाणी किती घातलंय हे ओळखायला पूर्वी बंदुकीची दारू तिच्यात भिजवून पेटवायचे. पेटली तर माल खरा. पुढं ही पद्धत मोजमापात बसवली आणि सुमारे 57.1 टक्के अल्कोहोल म्हणजे शंभर प्रूफ, असं ब्रिटिश माप ठरलं. त्याच्या पंचवीस अंश खाली म्हणजे शंभरातले 75 भाग. 57.1 ला 75 टक्क्यांनी गुण, 42.8 येतात. आपल्या बाटल्यांवर 25 अंडर प्रूफ आणि 42.8 टक्के ही एकच गोष्ट दोन मापांत असते. प्रयोगशाळेत हायड्रोमीटर सोडून आम्ही हेच तपासायचो. अमेरिकेत प्रूफ म्हणजे टक्क्याच्या दुप्पट. तिथल्या बाटलीवर 80 प्रूफ लिहिलेलं पाहून आपला माणूस घाबरतो, पण आत असतात 40 टक्केच.

भाचा: मग मिलिटरी कॅन्टीनच्या रमचं काय? आपल्या भागात फौजी पुष्कळ. सुट्टीवर येणारा प्रत्येक जण सांगतो, कॅन्टीनची वेगळी, कडक आणि शुद्ध.

मामा: वेगळी म्हणजे स्वस्त. तिच्यावर कर कमी आणि ती ओळखीशिवाय मिळत नाही, म्हणून तिचा मान मोठा. लेबल वाच, तिथंही 42.8 च सापडेल. जी वस्तू सहज हाती लागत नाही, तिला लोक जास्त ताकद चिकटवतात.

भाचा: गोव्याच्या फेणीचंही तसंच म्हणायचं का? वासानंच डोकं गरगरतं.

मामा: वास उग्र आहे, कारण ती काजूच्या बोंडांच्या रसाची आणि त्या फळाची द्रव्यं तिच्यात उतरतात. वासाचा अल्कोहोलशी संबंध नाही. रस आंबवून पहिल्यांदा उकळला की उर्राक निघतो, तो सौम्य. पुढच्या ऊर्ध्वपातनानं फेणी होते, साधारण 42 ते 45 टक्के. 2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कोकणी माणसाची फेणी आणि शिरूरच्या परमिट रूममधली व्हिस्की जवळपास एकाच रांगेत उभ्या आहेत.

भाचा: आणि बिअर?

मामा: बिअरमध्ये तर उलटंच आहे. थायलंडच्या नेहमीच्या बिअर 5 टक्क्यांच्या आसपास असतात. आपल्याकडची स्ट्राँग 8 टक्क्यांपर्यंत जाते. 650 मिलीच्या बाटलीत 8 टक्क्यांनी 52 मिली अल्कोहोल, 5 टक्क्यांनी साडेबत्तीस. आणखी एक गोष्ट सांगतो. भारतात फिरायला येणाऱ्या गोऱ्या पर्यटकांत जुनी समजूत आहे की इथल्या बिअरमध्ये ग्लिसरीन असतं. बाटली उघडून पाण्यात उलटी धरायची, जड ग्लिसरीन खाली उतरतं आणि सकाळी डोकं दुखत नाही, असं ते एकमेकांना शिकवतात. पाण्यात उतरते ती बिअरच. डोकं दुखायचं कारण 8 टक्के हे आहे. त्यांना घरी 5 टक्क्यांची सवय असते. ते आपल्याबद्दल जे बोलतात, तेच तू थायलंडबद्दल बोलतोयस.

दोन लाल गवे

भाचा: दारूचं राहू द्या. रेडबुलचं काय? मूळ रेडबुल थायलंडचा, हे तर खरं ना? तिथं तो छोट्या तपकिरी बाटलीत मिळतो. लोक म्हणतात, अस्सल तोच. आपल्याकडं पातळ करून डब्यात भरतात.

मामा: मूळ थायलंडचं, हे खरं. चालेओ युविध्या नावाच्या उद्योजकानं 1970 च्या दशकात क्रातिंग डेंग नावानं ते काढलं. बाटलीवर समोरासमोर भिडलेले दोन लाल गवे. ट्रकचालक, कारखान्यातले मजूर हे त्याचं गिऱ्हाईक. 1982 मध्ये डीट्रिख माटेशिट्झ हा ऑस्ट्रियाचा विक्री अधिकारी बँकॉकला आला, त्याला ते आवडलं, आणि दोघांच्या भागीदारीतून 1987 मध्ये ऑस्ट्रियात रेडबुल बाजारात आलं. त्यात गॅस भरला, गोडी कमी केली आणि किंमत वाढवली.

भाचा: आणि ताकदही कमी केली.

मामा: तीच तपासू. थायलंडच्या बाटलीत 150 मिली, कॅफिन 50 मिलिग्रॅम. युरोपातल्या 250 मिलीच्या डब्यात 80. आपल्याकडं अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, लिटरला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे 250 मिलीला जास्तीत जास्त 75. लिटरच्या हिशेबात थायलंड 333, युरोप 320, भारत 300. फरक जिभेला कळणारही नाही. आणि अख्ख्या बाटलीचा हिशेब केला, तर थायलंडची छोटी बाटली आपल्या डब्यापेक्षा कमी कॅफिन देते. घरी केलेल्या कडक फिल्टर कॉफीच्या कपात तिच्याहून जास्त असतं.

भाचा: मग ते टॉरिन? लोक म्हणतात, ते बैलाच्या शरीरातून काढतात, म्हणून जोर येतो. आमच्या गटात दोघं माळकरी होते, त्यांनी त्यामुळंच हात लावला नाही.

मामा: 1827 मध्ये दोन जर्मन शास्त्रज्ञांनी टॉरिन पहिल्यांदा बैलाच्या पित्तातून वेगळं केलं, अफवेचं मूळ तिथं आहे. आज ते कारखान्यात रसायनांपासून बनतं. आपल्या शरीरातही ते तयार होतं. त्यानं बैलाचा जोर येत नाही. जोर आल्यासारखा वाटतो तो कॅफिननं. मेंदूत थकव्याची खबर देणारं एक द्रव्य असतं, कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. खबर पोचत नाही, थकवा मात्र तिथंच राहतो. वर 250 मिलीत साधारण 27 ग्रॅम साखर.

भाचा: रांजणगावला रात्रपाळीची पोरं वीस रुपयांची बाटली पिऊन मशिनवर उभी राहतात. त्यांना हे कोण सांगणार?

मामा: सांगायलाच हवं. त्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्यासाठी नाही आणि दिवसाला 500 मिलीच्या वर नको. बारीक अक्षर कोण वाचतं? मला परदेशी बाटलीपेक्षा हिची जास्त काळजी वाटते. 2024 च्या जुलैत राज्याच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की शाळांपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या एनर्जी ड्रिंकच्या विक्रीवर बंदी आणली जाईल. घोषणा चांगली आहे. पण खेड्यात शाळा, किराणा दुकान आणि एसटी थांबा यांच्यात 500 मीटर असतात कुठं? तिथं दुकानदारानं आणि आईबापानंच नाही म्हणायला हवं.

अफवेचा फायदा

भाचा: मामा, तुमचे आकडे मी मान्य करतो. पण मला एक सांगा, माणसाला जाणवतं ते खोटं असतं का? आमच्या गटात सगळ्यांना जाणवलं. एकाला वाटलं असतं तर भास म्हटलं असतं.

मामा: सगळ्यांना आधीच सांगितलेलं होतं की ही कडक आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. पॅरिसमध्ये 154 तरुणांना एकच पेय दिलं. व्होडका, फळांचा रस आणि रेडबुल यांचं ते मिश्रण होतं. काहींना सांगितलं हे व्होडकाचं कॉकटेल, काहींना फळांच्या रसाचं, आणि काहींना व्होडका-रेडबुलचं. ज्यांनी रेडबुलचं नाव ऐकलं, त्यांना इतरांपेक्षा 51 टक्के जास्त चढल्यासारखं वाटलं. पेय तेच, प्रमाण तेच. एनर्जी ड्रिंकनं दारू जास्त चढते असा ज्यांचा आधीपासून विश्वास होता, त्यांच्यात हा परिणाम सर्वांत ठळक होता. जुगाराच्या खेळात त्यांनी धोकाही जास्त पत्करला.

भाचा: आणि गाडी चालवण्याबद्दल काही विचारलं होतं का?

मामा: विचारलं होतं. आपल्याला जास्त चढलीय असं वाटणारे म्हणाले, आम्ही गाडी चालवण्याआधी जास्त वेळ थांबू.

भाचा: मग माझंच बरोबर ठरलं! तुम्ही समजूत मोडून काढताय, पण समजुतीमुळंच ती पोरं थांबणार होती. गावात एखादा पोरगा ऐकतो की तिथली दारू माणसाला संपवते, आणि भीतीनं हात लावत नाही. ती भीती तुम्ही आकडे सांगून घालवताय. 40 टक्के, 42 टक्के, काही विशेष नाही, असं ऐकून तो उद्या बिनधास्त घेईल. आकडा खरा असेल, पण अफवा जास्त उपयोगाची आहे.

मामा: तुझा हा मुद्दा वजनदार आहे, झटकून टाकता येणार नाही. पण अफवेनं किती जण थांबतात आणि किती जण तिच्यामुळंच ओढले जातात, हेही बघ. तुमच्या गटात कडक आहे म्हणून किती जणांनी नको म्हटलं?

भाचा: तसं कुणीच नाही, ते दोन माळकरी वेगळ्या कारणानं लांब राहिले. बाकी सगळ्यांनी मुद्दाम मागवली. कडक आहे म्हणूनच.

मामा: बघ. तरुण माणसापुढं कडक म्हटलं की ते आव्हान होतं. दुसरं म्हणजे अफवा धोका चुकीच्या ठिकाणी दाखवते. थायलंडची बाटली भयंकर असं मानणारा आपल्याकडची क्वार्टर सौम्य समजतो, आणि ती घेऊन मोटारसायकलवर बसतो. मोटार वाहन कायद्यात 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. क्वार्टर रिचवलेला माणूस बहुधा तिच्या पलीकडं असतो. तिसरं, दारूत एनर्जी ड्रिंक मिसळण्याचा खरा धोका अफवेच्या उलटा आहे. अफवा म्हणते, त्यानं दारू जास्त चढते. प्रत्यक्षात कॅफिन रक्तातली दारू वाढवत नाही आणि कमीही करत नाही. ते झोप घालवतं. एरवी जो माणूस पेंगून थांबला असता, तो जागा राहतो आणि पीत राहतो. 2010 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कॅफिन घातलेली दारू विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला, तो याच कारणावरून. अशी पेयं तिथल्या बाजारातून निघून गेली. आपल्याकडं कंपनीनं मिसळलेली बाटली नसेल, पण लग्नाच्या वरातीत पोरं ते मिश्रण स्वतः करतात.

ज्या बाटलीवर आकडाच नाही

भाचा: तुमचा सगळा भरवसा लेबलवर. पण लेबल खोटं असलं तर? 2017 मध्ये आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात पांगरमलला निवडणुकीच्या जेवणात बनावट दारू वाटली गेली आणि माणसं गेली. त्यापेक्षा आपल्या डोळ्यांसमोर गुळाची काढलेली बरी, असं म्हणणारे अजून आहेत. काळा गूळ, नवसागर, पाणी. पहिल्या धारेची असली की काही होत नाही म्हणतात.

मामा: लेबल खोटं असू शकतं, हे मान्य. म्हणून सील, परवाना असलेलं दुकान आणि बिल या तिन्ही गोष्टी बघायच्या. फुकट वाटलेली बाटली तर हातातही धरायची नाही. पण हातभट्टीचा बचाव मी ऐकून घेणार नाही. पहिली धार जोरदार असते, कारण अल्कोहोल पाण्याआधी उकळतं आणि सुरुवातीला तेच जास्त उतरतं. त्याच धारेत ॲसिटाल्डिहाइडसारखी त्रासदायक द्रव्यंही आधी येतात. आमच्या डिस्टिलरीत तो भाग वेगळा काढायची व्यवस्था होती. पत्र्याच्या डब्याखाली जाळ घालणाऱ्याकडं थर्मामीटर नाही, हायड्रोमीटर नाही. एका दिवसाची 20 टक्के, दुसऱ्या दिवसाची 50. पिणाऱ्याला मात्रा कळायला मार्गच नाही.

भाचा: आणि माणसं मरतात ती कशानं?

मामा: मिथेनॉलनं. नीट ऐक, कारण इथंही मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं दारू फार कडक झाली म्हणून माणसं मेली. गुळाच्या किंवा मळीच्या आंबवणात मिथेनॉल फारच कमी तयार होतं. सामूहिक मृत्यू होतात ते कारखान्यात वापरायचं मिथेनॉल स्वस्तात मिळवून दारूत मिसळल्यानं किंवा तेच पाणी घालून विकल्यानं. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली. 2022 मध्ये गुजरातेत बोटाद भागात, 2024 च्या जूनमध्ये तमिळनाडूत कल्लाकुरिचीला तेच. आणि परदेशात म्हणशील, तर 2024 च्या नोव्हेंबरात लाओसमधल्या वांग व्हिएंग या पर्यटनाच्या गावात सहा परदेशी पर्यटक मिथेनॉलनं गेले. थायलंडच्या शेजारचाच देश तो. मालवणीचा मजूर आणि लाओसला गेलेला युरोपचा पर्यटक, दोघांना मारणारी वस्तू एकच.

भाचा: पिताना कळत नाही? लोक काडी लावून बघतात. निळी ज्योत आली की माल चांगला.

मामा: मिथेनॉलही निळसरच जळतं. वासात, चवीत फरक कळत नाही. सुरुवातीची नशाही तशीच. शरीर त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड करतं. ते डोळ्यांच्या नसांवर आणि सगळ्या शरीरावर हल्ला करतं. याला बारा ते चोवीस तास लागू शकतात, म्हणून माणूस हँगओव्हर समजून झोपून राहतो. दुसऱ्या दिवशी धूसर दिसणं, डोळ्यांपुढं पांढरं येणं, पोटात दुखणं, उलट्या, धाप, यातलं काहीही दिसलं की त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि काय प्यायला ते डॉक्टरला खरं सांगायचं. त्यावर उतारा आहे, डायलिसिस आहे. उशीर झाला तर दृष्टी जाते किंवा जीव जातो. घरी आणखी दारू पाजणं हा उपाय नव्हे. पोलिसांच्या भीतीनं लपवाछपवी केली, तर वाचणारा माणूसही हातचा जातो.

भाचा: आता शेवटचं विचारतो. आकड्याच्या या सगळ्या चर्चेनं पिणाऱ्याला एक सोयीचा हिशेब मिळत नाही का? ज्या घरात रोज क्वार्टर येते, तिथल्या बाईला 40 आणि 42.8 यानं काय फरक पडतो?

मामा: काहीच नाही. म्हणूनच मी आकडा सांगतो. त्या बाईचा नवरा म्हणतो, मी काही हातभट्टी घेत नाही, सरकारमान्य घेतो. त्याच्या पोटात रोज 61 ग्रॅम अल्कोहोल जातं आणि उशिरा घेतलेली असली तर ती सकाळी कामावर जाईपर्यंत पुरती उतरलेली नसू शकते. 2023 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित अशी दारूची कोणतीही मात्रा नाही. सरकारमान्य म्हणजे त्यात मिथेनॉल नसावं एवढीच हमी, निर्धोक असल्याची नाही. आणि बाईच्या हातात कायद्यानं एक हत्यार दिलेलं आहे. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, मत दिलं, तर दुकान बंद करावं लागतं. दुकान गेल्यावर तिथं हातभट्टी येणार नाही, यावर मात्र गावानं पहारा ठेवायला हवा.

वाचकांना विनंती

भाच्याचा एक मुद्दा इथं शेवटपर्यंत टिकला: नुसत्या आकड्यानं कुणी पिणं सोडत नाही. मामांचा मुद्दाही टिकला: अफवेनंही सोडत नाही. अफवा दूर देशाच्या बाटलीकडं बोट दाखवते आणि आपल्या हातातल्या बाटलीवरून लक्ष उडवते. अफवा आणि आकडा यांत निवड करायची तर मी आकड्याच्या बाजूनं उभा राहीन, कारण त्यातून पुढचं पाऊल कळतं. किती टक्के आणि किती मिली, हे माहीत असलेल्या माणसाला गाडीची किल्ली दुसऱ्याकडं द्यायची की नाही, हे ठरवता येतं.

परदेशी जाणाऱ्या दुकानदारांना आणि त्यांना नेणाऱ्या कंपन्यांना माझं सांगणं आहे. सहलीची माहिती देताना पासपोर्ट आणि हॉटेलबरोबर एवढंही सांगा: सील न फोडलेल्या बाटलीशिवाय काही घेऊ नका, फुकट मिळालेला पेला नाकारा, बादलीत काय आणि किती ओतलं ते स्वतः बघा, दारूत एनर्जी ड्रिंक मिसळू नका, आणि दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली तर दवाखाना गाठा. शाळेशेजारच्या किराणा दुकानदारांनी गणवेशातल्या मुलाला कॅफिनची बाटली देऊ नये. आणि परदेशाहून येऊन पारावर गोष्ट सांगणाऱ्यानं ती जरूर सांगावी, पण बाटलीवर किती टक्के लिहिलं होतं आणि आपण किती मिली घेतली, हे दोन आकडेही सांगावेत. समोर बसलेल्या पोरांना खरी माहिती मिळायलाच हवी.